परवाना नदीपर्यंतच

१

मंगरू गजभिये जन्मभर महाराष्ट्रात राहिला आणि मेलेला सापडला मध्यप्रदेशात. बावनथडी नदी ओलांडली की लगेच एक बोडी लागते. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं. सकाळी गुरं पाजायला आलेल्या गुराख्याला तिथं त्याचं प्रेत दिसलं. पालथं, काठाला लागलेलं. त्याची काठी मात्र वर पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, नीट आडवी ठेवलेली होती.

दोन राज्यांच्या मधात मेलेल्या माणसाचे काय हाल होतात ते ऐका. त्या पारचे पोलीस म्हणाले, म्हातारा बुडून मेला, घेऊन जा. मानेवर वळ होते, ते ओढून काढताना पडले असतील असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. या पारचे म्हणाले, आमची हद्दच नाही. झालं! घरच्यांनी प्रेत आणलं, काठी आणली, अंत्यविधी केला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही आटोपला.

मग मी आले. मी रुचिता बोरकर, राहणार भंडारा. विमा कंपन्यांच्या वतीने दावे तपासते. म्हणजे मेलेल्याच्या घरी जायचं, त्यांचा चहा प्यायचा आणि त्यांच्यावरच संशय घ्यायचा. धंदा वाईट आहे, मला ठाऊक आहे. पण मंगरूची पॉलिसी निघून पावसाळाही धड सरला नव्हता आणि माणूस गेला. अशा वेळी कंपनी माझ्यासारखीला पाठवतेच.

गावाचं नाव आंबाटोली, चिखल्याच्या मँगनीज खाणीपासून जवळ. अख्ख्या गावानं आपला निकाल आधीच लावून ठेवला होता. पानठेल्यावरचा खुशाल मला म्हणाला, "मॅडम, तो एजंट हाय न, कैलाश, तो त्या पारचा. त्याचा परवाना तिकडचा. इकडं येऊन त्यानं बोगस पॉलिसी विकली. बुढा जाब विचाराले गेला असन, अन् यानं देला ढकलून."

घरात मंगरूची बायको धुरपताबाई भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं तिचं. मी समोर बसले तशी ती हळूच म्हणाली, "बाई, माहा बुढा तिकडं मेलाच नाही."

"म्हणजे?"

"खाणीत पाय चेंदला होता त्याचा. घरामागच्या आमच्या बोडीपर्यंत जाचा, तं दोन खेपा बसाचा. नदीची रेती कशी तुडवन तो? कोनं तरी नेलं त्याले." तिनं दाराकडं पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "कोनं नेलं, हे मले पाहिजे. पैसे नको."

२

त्या पारची बोडी दाखवायला मंगरूचा जावई आला. संघपाल वासनिक. खाणीचा माल तुमसर रोड स्टेशनपर्यंत वाहणारा टिप्पर त्याचा स्वतःचा. बायको प्रतिक्षा हिच्यासह सासरीच राहायचा. बोलणं इतकं मऊ की माणसाला आपल्याच आवाजाची लाज वाटावी. माझी पिशवीसुद्धा त्यानं उचलून सीटवर ठेवली.

"लोकं काही बी बोलतात जी," तो गाडी चालवता चालवता म्हणाला. "कैलाशभाऊ साधा माणूस हाय. त्याले फसवू नका, ताई. मामाजी आपलेच घसरले असतीन."

गाव सगळं एका बाजूला आणि हा एकटाच एजंटाच्या बाजूनं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी माणूस डोकं ठिकाणावर ठेवून आहे.

पुलाच्या अलीकडे त्यानं टिप्पर थांबवला.

"इथून पायी, ताई."

"काहून? पूल तर मजबूत दिसतो."

"गाडीचं परमिट महाराष्ट्राचंच हाय. मागं एकदा माल घेऊन त्या पार गेलो, तं गाडीच जमा केली. कितीक दिवस उभी होती. हातापाया पडलो, कोनी आयकलं नाही." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "ज्या राज्याचं परमिट, त्याच राज्यात माल. चाक इकडचं तिकडं झालं का गेलं सगळं."

आम्ही पायी उतरलो. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, त्यात पाखरं, आणि पलीकडे ती बोडी. मला ती जागा मुळीच आवडली नाही. एक माणूस नाही, आवाज नाही. म्हशी पोटापर्यंत पाण्यात शिरल्या होत्या. पाणी गढूळ, मोकळं, त्यावर गवताची काडीसुद्धा नव्हती. संघपालनं बोट दाखवलं. "हे पाहा, इथं होते."

मी वाकून काठ बघत होते. मागून त्याचा मऊ आवाज आला. "क्लेमले काही अडचण तं नाही न जी? या पारीच वारले न ते."

"बघू," मी म्हटलं. वाकलेली मी, पुढं पाणी, आणि तो माझ्या अगदी पाठीशी. काय कोण जाणे, मी पटकन उभी राहिले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. एजंट कैलाश राहांगडाले. घाबरलेला आवाज, "मॅडम, भेटतो म्हटलं होतं न मी. पण जवाईबापूले सोबत आणू नका."

३

संघपालला मी काहीतरी सांगून परत पाठवलं आणि त्या पारच्या गावातल्या चहाच्या टपरीवर कैलाशला गाठलं. चाळिशीचा माणूस, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि सारखा माझ्या मागं पुलाकडं बघत होता.

"तुमचा परवाना कुठला?" मी मुद्दामच विचारलं.

"मॅडम, तुम्ही तरी नका न विचारू!" तो जवळजवळ रडायला आला. "परीक्षा मी बालाघाटले दिली. कंपनीनं नेमलं. मग काय बालाघाट, काय भंडारा? देशात कुठं बी विका. तुम्हाले तं माहीत हाय."

माहीत होतंच. माझा मावसभाऊ अमेरिकेत विमा विकतो. तिथं म्हणे प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना लागतो; शेजारच्या राज्यात गिऱ्हाईक मिळालं की आधी तिथली परवानगी काढा. आपल्याकडे तसलं काही नाही. एकदा परवाना मिळाला की तो नदीनाले मोजत नाही.

"मग आंबाटोलीला कोणी सांगितलं की तुमचा परवाना पुलापर्यंतच चालतो?"

कैलाशनं कपाळावर हात मारून घेतला. "मीच, मॅडम. माही जीभच जळो! पोळ्याच्या आधीची गोष्ट. आंबाटोलीच्या बाजारात खुशालच्या ठेल्यावर सगळे बसले होते. जवाईबापू होते, त्यांचा साळा अनुप होता. जवाईबापूनं विचारलं, तुमचा परवाना दोन्ही राज्याचा काय? मले हसू आलं. मी म्हटलं, नाही बाप्पा, नदी आली का परवाना संपला, इकडं तं मी चोरून येतो. सगळे हसले. मजाक होती, मॅडम!"

"हसले सगळे?"

तो आठवू लागला. "अनुप हसला. दुसऱ्या दिवशी तोच गावभर बोगस-बोगस करत फिरला. जवाईबापू... ते नाही हसले. त्यांनी आणखी एक विचारलं. माणूस कुठं मेला हे बी पाहतात काय? मी म्हटलं, मंग! सगळं पाहतात."

"अन् तरी त्यांनी पॉलिसी तुमच्याकडूनच काढली?"

"आधी काढली होती. आंबाटोलीकडच्या एजंटाकडून काढली तं गावात बोभाटा होते म्हणे. हप्ता बी तेच भरत. वारस म्हणून दोन्हीत पोरीचंच नाव टाकलं, प्रतिक्षाचं."

"दोन्हीत?" माझा चहाचा कप तसाच राहिला. "दोन्हीत म्हणजे?"

"एकाच दिवशी दोन काढल्या न, मॅडम. एक बुढ्याची."

"दुसरी?"

"बुढीची," कैलाश म्हणाला. "धुरपताबाईची."

४

परत येताना खाणीच्या फाटकापाशी अनुपला गाठलं. मंगरूचा मुलगा, तापट, लाल मातीनं माखलेला. बापाशी त्याचं पटत नव्हतं, बोडीतल्या शिंगाड्याच्या पिकावरून भांडण होतं, हे गावात कोणीही सांगितलं असतं. तो स्वतःच म्हणाला.

"भांडलो, हो. शिंगाडा कोनाले विकाचा यावरून भांडलो. मंग बाप मारन काय मी? पाळीत होतो, खाणीच्या आत. हजेरी विचारा." मग तो थुंकला. "अन् पॉलिसी-पॉलिसी काय लावली? तो कागद बोगस हाय. कैलाश स्वतःच्या तोंडानं बोलला. मले तं त्याचा एक पैसा नाही पाहिजे, अन् भेटणार बी नाही."

ज्याला पॉलिसी कवडीमोल वाटते तो तिच्यापायी खून कसा करेल? आणि वारसही तो नाहीच. अनुपला मी मनातल्या मनात मोकळं सोडलं. पण ती दुसरी पॉलिसी काही डोक्यातून जाईना. घर येईपर्यंत मी एकच गोष्ट घोकत होते की म्हातारी ठीक असू दे.

ती ठीक होती. अंगणात शिंगाडे सोलत बसली होती. हिरवे, काटेरी शिंगाडे, शेजारी उकडलेल्यांनी भरलेलं पातेलं. माझा जीव भांड्यात पडला.

"बाई, त्या दिवशी अंगावर काय होतं त्यांच्या?" मी जवळ बसून विचारलं.

"सदरा. धुतला नाही मी." ती आत गेली आणि मळका सदरा घेऊन आली. "मयताले आंघोळ मीच घातली. हे पाहा."

खिशाच्या शिवणीत शिंगाड्याच्या वेलाचा वाळका तुकडा अडकला होता. एक लहानसा काटेरी शिंगाडाही होता. माझ्या डोळ्यांसमोर त्या पारची बोडी आली. गढूळ, मोकळी, म्हशी शिरलेली.

"बाई, त्या पारच्या बोडीत शिंगाडा लावतात?"

"तिथं?" म्हातारीला हसू आलं, तशातही. "तिथं जनावरं उतरतात. शिंगाडा एक दिवस टिकन काय? गुरं पाजाची बोडी येगळी, शिंगाड्याची येगळी. आमच्या बोडीत कोनाची बकरी बी आली तं बुढा काठी घेऊन धावाचा."

तर मंगरू घरामागच्या बोडीत मेला होता. आपल्याच पाण्यात, आपल्याच वेलात. मग कोणीतरी त्याला उचलून नदीपार नेलं. पण कशाला? बुडालेला म्हातारा घरच्या बोडीत सापडणं किती साधं होतं! कोणी विचारलंही नसतं. लंगड्या माणसाला त्या पार नेऊन टाकणं हाच तर खरा वेडेपणा. एजंटाला अडकवायला म्हणावं, तर घरात एजंटाची बाजू घेणाराच माणूस बसला होता.

प्रतिक्षा चहा घेऊन आली. बापाच्या दुःखानं सुकलेली पोरगी. "मॅडम, आईले जरा समजवा न. हे म्हणून राहिले का उद्या तिले मावशीकडं नेऊन देतो. हवापालट होईन. तं ही नाही म्हणते."

"मावशी कुठं राहते?"

"त्या पार जी. नदीच्या तिकडं, दोन गावं सोडून."

मागून संघपालचा मऊ आवाज आला. तो कधी येऊन उभा राहिला होता, कळलंच नाही. "सकाळीच निघू, मामीजी. कपडे भरून ठेवजा. गाडी तं त्या पार नेता येत नाही, पायीपायीच जाऊ. मी हाय न सोबत."

धुरपताबाईच्या हातातला शिंगाडा खाली पडला. तो तिला का नेत होता ते मला त्या क्षणी कळलं, आणि म्हाताऱ्याला का नेलं तेही.

५

सकाळी गजभियांच्या अंगणात मी सगळ्यांना बोलावलं. ठाणेदार आले, कुरकुरतच. मी त्यांना फोनवर एवढंच म्हटलं होतं, "साहेब, खून तुमच्याच हद्दीत झालाय, आणि आज दुसरा होईल." मग काय, यावंच लागलं. अनुप खाणीतली पाळी संपवून आला. कैलाशला मी माझ्या शब्दावर आणलं, आणि गावानं त्याला बघून दात-ओठ खाल्ले. धुरपताबाईचं गाठोडं ओट्यावर बांधून ठेवलं होतं. संघपाल त्याच्या शेजारी उभा होता.

"सदऱ्यात शिंगाडा सापडला," मी सुरुवात केली आणि सदरा ठाणेदारांपुढं धरला. "त्या पारच्या बोडीत शिंगाडा नाही. मंगरूजी घरामागं मेले. पाठीमागून मान दाबून कोणी पाण्यात धरलं, म्हणून ते वळ. मग त्यांना नदीपार नेलं. काठीसुद्धा नेली. पण बुडणारा माणूस काठी नीट आडवी ठेवून बुडत नाही."

ठाणेदारांनी पुढं वाकून खिशाची शिवण पाहिली.

"आता कोणी नेलं? कैलाशनं? त्याला परवान्याचं सगळं ठाऊक. शिवाय स्वतःच्या गावाच्या काठाशी प्रेत आणून टाकायला तो काय खुळा आहे? अनुपनं? तो खाणीत होता, आणि त्याच्या लेखी पॉलिसी बोगस. मग राहिला असा माणूस, ज्याला पॉलिसीचे पैसे हवे होते आणि ज्याची मनोमन खात्री होती की कैलाशचा परवाना नदीपर्यंतच चालतो. या पार माणूस मेला तर दावा बुडणार. त्या पार मेला तर पास. ज्या राज्याचं परमिट, त्याच राज्यात माल."

संघपालनं मान वर केली. चेहरा अजून मऊच होता.

"हे वाक्य तुम्ही मला पुलावर ऐकवलंत, जवाईबापू. तुमचा टिप्पर जमा झाला, तेव्हा तुम्ही परमिटचा धडा शिकलात. ठेल्यावर कैलाशनं थट्टा केली. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, कारण तुमच्यासाठी ती थट्टा नव्हतीच. रोजचा धंदा होता. कैलाशची बाजू तुम्ही एकटे घेत होता, कारण एजंटच आत गेला तर पॉलिसी कशी टिकणार? आणि आज," मी गाठोड्याकडं बोट केलं, "दुसरा माल त्या पार निघाला होता. या खेपेला स्वतःच्या पायांनी चालत."

प्रतिक्षाच्या तोंडून बाहेर पडला तो आवाज मला अजून ऐकू येतो. ती धावत जाऊन आईला बिलगली आणि नवऱ्याकडं अशी बघू लागली की जणू त्याला आधी कधी पाहिलंच नव्हतं. अनुप उडी मारून उठला, तशी ठाणेदारांनी त्याला मागे ढकललं.

"शाबीत करा," संघपाल शांतपणे म्हणाला. "एका शिंगाड्यानं काय होते?"

खरं होतं त्याचं. एका शिंगाड्यानं फार काही झालं नसतं. मी हातातला सदरा घडी घालून ठाणेदारांकडं दिला आणि संघपालजवळ गेले.

"संघपालजी, एक सांगू? कैलाशचा परवाना आंबाटोलीत चालतो. भंडाऱ्यात चालतो. पार कन्याकुमारीपर्यंत चालतो. माणूस कुठं मेला याच्याशी परवान्याला काही देणंघेणं नाही. मंगरूजींना तुम्ही तिथंच, घरामागं पडू दिलं असतं, तर म्हातारा पाय घसरून बुडाला असं लिहून मी दावा पास करून केव्हाच भंडाऱ्याला गेले असते."

त्यानं कैलाशकडं पाहिलं. कैलाशनं मान हलवली, डोळ्यांत पाणी आणून. "मजाक होती जी, भाऊ. बुढ्याच्या शपथेनं, मजाक होती."

तेव्हा त्या माणसाचा चेहरा उतरला. पस्तावा नव्हता त्यात, भीतीही नव्हती. फुकट राबलेल्या हमालाचा चेहरा होता तो.

"एवढी रेती तुडवली," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "खांद्यावर घेऊन. पुलावर कोनी पाहू नये म्हणून. पाणी मांड्यापर्यंत होतं... इथंच चाललं असतं?"

ठाणेदारांनी त्याचा दंड धरला. अंगणातल्या प्रत्येकानं ते ऐकलं होतं. फाटकापाशी तो पुन्हा थांबला आणि वळून मला विचारलं, अगदी आदरानं, "ताई, खरंच इथंच चाललं असतं?"

"चाललं असतं," मी म्हटलं. मला त्याची कीव आली नाही. चीड आली.

गाडी गेल्यावर गाव पांगलं. खुशाल कैलाशला ठेल्यावर चहा प्यायला घेऊन गेला. आमच्याकडे माफी अशीच मागतात. प्रतिक्षा आत जाऊन पडली, अनुप तिच्या दाराशी बसून राहिला.

धुरपताबाईनं ओट्यावरचं गाठोडं सोडलं. एकेक लुगडं काढून परत दांडीवर टाकलं.

"बाई," ती म्हणाली, "माह्या नावाचा जो कागद हाय, तो बंद करून टाक. माह्या मरनावर कोनी डोळा ठेवाले नको."

"करते," मी म्हटलं. "बहिणीकडं जाणार आता? त्या पार?"

तिनं घरामागच्या बोडीकडं पाहिलं. वेल पाण्यावर पसरले होते आणि कोणाची तरी बकरी पाळीवर चढून आली होती. म्हातारी उठली, कोपऱ्यातली बुढ्याची काठी घेतली.

"नाही," ती म्हणाली. "शिंगाडा कोन राखन?"

आणि ती बकरी हाकलायला गेली.